माणशी, चुलीमागे, नळामागे

गिरण्यांत राबणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाचे हाल किती आहेत, याची चौकशी करायला मुंबई सरकारने १९२१ च्या सुमारास डॉ. बार्न्स नावाच्या एका महिला डॉक्टरची नेमणूक केली. त्या कामासाठी त्या चाळीचाळींतून फिरल्या. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद अशा एका खोलीत त्यांना सहा बिऱ्हाडं आढळली. लहानथोर धरून माणसं तीस. बिऱ्हाडं सहाच कशावरून, तर जमिनीवर सहा चुली मांडलेल्या होत्या. मुंबईतल्या घरटंचाईचा दाखला म्हणून ही नोंद पुढे अनेकांनी दिली. पण तिच्यात हिशेबाचीही एक गोष्ट आहे. छप्पर एक, दार एक, माणसं तीस, आणि खाती मात्र सहा. एका छपराखाली राहणाऱ्यांचा खर्च वाटायचा तर आधी मोजायचं काय हे ठरावं लागतं: माणसं, चुली, खोल्या की आणखी काही. भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहणारे चौघं आज विजेच्या बिलावरून भांडतात, तेव्हा त्यांचं भांडण भागाकाराचं नसतं, तो मोबाइलही करतो. कशाने भागायचं यावर त्यांचं घोडं अडलेलं असतं. मुंबई या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं दीडशे वर्षं देत आली आहे. ती ओळीने पाहिली की दोन गोष्टी दिसतात. लोकांनी माप निवडलं ते अचूक म्हणून नाही, सगळ्यांना डोळ्यांनी दिसणारं म्हणून. आणि जिथे वाटणी अन्यायाची ठरली, तिथे ज्याच्यावर बोजा पडत होता त्याला वहीत डोकावायचा हक्कच नव्हता.

सर्वांत साधं माप म्हणजे माणशी. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी काढली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून माणसांची रीघ लागली. यांतले बरेचजण एकटे यायचे. बायकोमुलं आणि जमिनीचा तुकडा गावी, पगार मुंबईत. अशांसाठी गावाने मिळून घेतलेली खोली असायची. तिथे ज्याची त्याची ट्रंक, ज्याची त्याची वळकटी आणि महिन्याची ठरलेली वर्गणी. धोबीतलाव, माझगाव भागांत गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींचे ‘कूड’ याच जातीचे. गावागावाचा वेगळा कूड, भिंतीशी पेट्यांची रांग, एका बाजूला वेदी आणि संध्याकाळची प्रार्थना. अशा ठिकाणी माणशी वाटणी चालण्यासारखीच होती, कारण माणसामाणसाच्या वापरात फरक करायला वावच नव्हता. दिवा सगळ्यांचा एक. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रात्रपाळीवाला आडवा व्हायचा. पण वर्गणी केवळ वापराची नव्हती, हे कुडाकडे पाहिलं की कळतं. त्याचे कितीतरी सभासद बोटीवर नोकरीला असत आणि महिनोन्‌महिने समुद्रावर काढत. तेवढ्या काळात ते ना दिवा जाळत ना पाणी सांडत, तरी कुडाशी असलेलं त्यांचं नातं तुटत नसे. परतल्यावर पेटी जागेवर असावी आणि पाठ टेकायला जागा मिळावी, यासाठी सभासदत्व होतं. म्हणजे सामाईक खर्चात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: प्रत्यक्षात वापरलं त्याचा खर्च, आणि लागेल तेव्हा मिळेल या खात्रीचा खर्च. घरातल्या खर्चावरून होणाऱ्या बऱ्याच कुरबुरी या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होतात. ‘मी महिनाभर गावी होतो, मग मी का भरू?’ हा सवाल पहिल्या भागापुरता बरोबर आहे, दुसऱ्यापुरता नाही.

हाच फरक खाणावळीने फार व्यवहारी पद्धतीने हाताळला. खाणावळीचे पैसे महिन्याचे आणि माणशी ठरलेले असत. तोच हिशेब पुढे वसतिगृहांच्या आणि शहरांतल्या मेसनेही उचलला. एकजण तीन भाकऱ्या खातो, दुसरा पाच. त्याची नोंद कोणी ठेवत नाही. नोंद होते ती खाड्याची. आधी सांगून जेवायला आला नाही तर त्या दिवसाचे पैसे वजा, आयत्या वेळी दांडी मारली तर नाहीत. वरवर पाहता हे विसंगत वाटेल. दोन भाकऱ्यांचा फरक सोडून द्यायचा आणि एका दिवसाची गैरहजेरी मात्र मोजायची, हे कसं? पण त्यामागचा विचार पक्का आहे. भाकऱ्या मोजायच्या तर प्रत्येक ताटावर नजर ठेवावी लागते, आणि अशी नजर ठेवलेल्या पंगतीत कोणाला घास गोड लागत नाही. गैरहजेरी सगळ्यांना आपोआप दिसते, तिच्यावर वाद होत नाही. आधी सांगितलं तर तेवढी कणीक कमी भिजवता येते, म्हणून सूट. न सांगता राहिलं तर स्वयंपाक होऊन गेलेला असतो, म्हणून सूट नाही. कोणता फरक मोजायचा आणि कोणता सोडायचा, याचा यापेक्षा शहाणा नियम मोठमोठ्या संस्थांनाही सुचलेला नाही.

मात्र गिरणगावातल्या या चोख हिशेबाच्या बाहेर एक बाई उभी होती. खाणावळ चालवणारी बाई पहाटे चूल पेटवायची, वाण्याकडून माल उधारीवर आणायची आणि जेवणाऱ्यांचे पैसे पगार झाल्यावर मिळायचे. मधल्या दिवसांची उधारी आणि तिचं व्याज तिच्या डोक्यावर. जेवणाऱ्यांमधली वाटणी सरळ होती, कारण वाकडा भाग सगळा तिच्याकडे ढकललेला होता. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. सावकाराच्या आणि वाण्याच्या तावडीतून या बायकांना सोडवण्यासाठी त्यांनी बँकांकडून कर्ज मिळवून दिलं, तेव्हा हा वाकडा भाग प्रथमच कागदावर आला. घरातल्या खर्चाची वाटणी तपासताना आधी हेच विचारायला हवं, की ज्यांची नावं हिशेबात आहेत त्यांच्यापलीकडे कोणाच्या कष्टावर हा हिशेब उभा आहे. आजच्या फ्लॅटमध्ये गॅस बुक करणारा, बिलं वेळेवर भरणारा आणि इतरांकडून पैसे मागत फिरणारा जो एकजण असतो, त्याचे आठवड्याचे दोन तासही कुठल्या रकान्यात लिहिलेले नसतात.

कुटुंबं मुंबईत स्थिरावू लागली तशी माणशी मोजणी अवघड झाली आणि खोली हे माप पुढे आलं. १९११ च्या जनगणनेत मुंबईची सुमारे ६९ टक्के वस्ती एका खोलीच्या घरात राहत असल्याचं दिसलं. १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ बीडीडी चाळी बांधल्या. तळमजल्यावर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. भाडं खोलीमागे, आत तिघं राहतात की तेरा, हे मालकाने पाहायचं नाही. मोजायला खोलीच सोयीची होती. गावाकडून आलेला भाचा पाहुणा की भाडेकरू, हे कोण ठरवणार? दारं मात्र कोणालाही मोजता येतात. पण या मापाला एक मोठं भोक होतं. भाडेपावती एकाच्या नावावर असायची आणि खोलीत पोटभाडेकरू असायचे. मूळ भाडं किती हे पोटभाडेकरूला दिसतच नसे, त्यामुळे मागितलेला आकडा देण्यावाचून त्याला गत्यंतर नसे. घरमालकाने वाटेल तसं भाडं वाढवू नये म्हणून १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने बंधनं घातली आणि पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सोयी तोडायलाही मनाई केली. त्याच कायद्याने पोटभाडेकरू ठेवणंही बंद केलं. तरी खोल्यांतले पोटभाडेकरू काही संपले नाहीत, आणि १९५९ मध्ये तोवरच्या पोटभाडेकरूंना संरक्षण द्यावं लागलं. ज्याचं नाव पावतीवर नाही त्याला रास्त वाटा मागायला तोंडच नसतं, हे कायद्याला बारा वर्षांनी मान्य करावं लागलं.

चाळीतल्या पाण्याची वाटणी पैशांत व्हायचीच नाही, ती वेळेत व्हायची. नळाला पाणी ठरावीक वेळी, मग कळश्यांची रांग, नंबर आणि पाळी. पैशांच्या वाटणीत सगळ्या खोल्या सारख्या असल्या तरी वेळेच्या वाटणीत नव्हत्या. ज्या घरात पहाटे उठून रांगेत उभी राहणारी सून किंवा मुलगी होती त्या घराला पाणी स्वस्त पडायचं, नव्हती त्याला महाग. याची किंमत घरातली एक व्यक्ती झोपेतून चुकती करायची. म्हणून ‘चाळीत सगळं कसं गुण्यागोविंदाने वाटून घ्यायचे’ हे स्मरणरंजन जरा बेतानेच घ्यावं.

सहकारी गृहनिर्माण संस्थेने या सगळ्याला नवी घडी घातली. गावदेवीला १९१५ मध्ये तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी राहिली. मालक आणि भाडेकरू यांच्या जागी सभासद आले. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने सभासदाला एकच मत दिलं, मग त्याचं घर केवढंही असो. खर्चाच्या वाटणीवर याचा थेट परिणाम झाला. आदर्श उपविधींप्रमाणे निघालेलं मेंटेनन्सचं एक बिल हातात घेऊन पाहावं. सेवाशुल्क, म्हणजे रखवालदार, सफाई, जिन्यातले दिवे, कार्यालयाचा खर्च, सगळ्या सदनिकांना सारखं. पाणीपट्टी नळाच्या जोडण्या किती आणि केवढ्या त्यावर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का, सिंकिंग फंड किमान पाव टक्का. लिफ्टचा खर्च इमारतीतल्या सगळ्यांना सारखा, कोणी ती वापरो वा न वापरो. एका कागदावर तीन-चार वेगवेगळी मापं नांदतात. त्यांतलं नळाचं माप तर उघडउघड ढोबळ आहे. दोन बाथरूमच्या घरात एकटी राहणारी आजी एका बाथरूममध्ये आंघोळी उरकणाऱ्या सहाजणांच्या कुटुंबापेक्षा जास्त पाणीपट्टी भरते. तरी ते टिकलं आहे. माणसं येतात-जातात, त्यांची संख्या विचारावी लागते आणि सांगणारा खरं सांगेलच असं नाही; नळ नकाशावर असतात, कमिटीला ते विचारायला कोणाच्या घरात शिरावं लागत नाही.

लिफ्टचा नियम सर्वांत जास्त खटकतो, आणि युक्तिवाद तपासायला तोच उत्तम. तळमजल्यावरच्याने लिफ्टचे पैसे का भरावे? गणिताकडे याचं नेमकं उत्तर आहे. लॉइड शेपली या गणितज्ञाने १९५३ मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे सामाईक खर्चात प्रत्येकामुळे किती भर पडते ते काढून वाटा ठरवता येतो. तसं केलं तर तळमजल्याचा वाटा शून्य, पहिल्याचा थोडा आणि वर चढू तसतसा वाढता. शेपलींना पुढे २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. उपविधींनी ही वाट का धरली नाही? एक कारण असं की लिफ्ट ही इमारतीची मालमत्ता आहे. तळमजल्यावरचा सभासदही तिचा सहमालक आहे आणि लिफ्टविषयीच्या ठरावावर त्याचंही मत सातव्या मजल्याइतकंच मोजलं जातं. दुसरं कारण जास्त व्यवहारी आहे. आज लिफ्टमध्ये ‘वापरेल त्याने भरावं’ हे तत्त्व मान्य केलं तर उद्या गच्चीची गळती फक्त वरच्या मजल्याची आणि तुंबलेलं गटार फक्त तळमजल्याचं ठरेल. प्रत्येक दुरुस्तीला नवी मोजणी आणि नवं भांडण. शेपलींचं उत्तर चुकीचं नाही. ते लागू करायला दरवेळी जी चौकशी लागते, तिचा खर्च मात्र त्यात धरलेला नाही.

समान वाटणीच एकमेव रास्त आहे असंही नाही, आणि त्याचा पुरावा याच राज्यात आहे. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याने वेगळा रस्ता धरला. तिथे प्रत्येक अपार्टमेंटला सामाईक जागेत ठरावीक टक्के अविभक्त हिस्सा असतो आणि सामाईक खर्च त्याच टक्केवारीने वाटला जातो. घर मोठं तर वाटा मोठा. पुण्यात एकाच रस्त्याच्या एका बाजूला सोसायटी आणि समोर अपार्टमेंट असेल, तर रखवालदाराचा पगार दोन्हीकडे दोन तत्त्वांनी वाटला जातो. यातली एक पद्धत न्याय्य आणि दुसरी अन्याय्य असं म्हणता येत नाही, कारण दोन्हींत एक सुसंगती आहे: सोसायटीत मत समान म्हणून खर्च समान, अपार्टमेंटमध्ये मतही टक्केवारीनेच मोजलं जातं म्हणून खर्चही टक्केवारीने. ज्याच्या त्याच्या आवाजाच्या प्रमाणात ज्याचा त्याचा वाटा. वाद पेटतो तो हे दोन्ही तुटतात तिथे. सोसायटीतला सभासद स्वतः राहत नसेल आणि भाडेकरू ठेवत असेल, तर त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क म्हणून वाटेल तेवढी रक्कम उकळायची चाल पडली होती. जो परगावी राहतो आणि सर्वसाधारण सभेला येत नाही, त्याच्यावर बहुमताने बोजा टाकणं सोपं असतं. शेवटी १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने सरकारने त्यावर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली आणि २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पोटभाडेकरूचं आणि गैरहजर मालकाचं सामाजिक स्थान दोन टोकांना असलं, तरी दोघांचं दुखणं सारखंच निघालं.

यावर आजचा वाचक म्हणेल की ही सगळी मीटर नसतानाची कथा आहे. आता खोलीखोलीला सबमीटर बसवता येतं, मग ढोबळ मापं हवीत कशाला? मीटर जिथे परवडतं तिथे बसवावं, यात वाद नाही. पण मीटर बसलं की प्रश्न संपतो हा भ्रम आहे. महावितरणच्या घरगुती बिलात युनिटमागे दर असतोच, शिवाय युनिट एकही न जाळता द्यावा लागणारा स्थिर आकारही असतो. कुडातल्या खलाशाची वर्गणी ती हीच. त्यात दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली १०० युनिटं स्वस्त, ३०० पर्यंतची त्याहून महाग, पुढची आणखी महाग. चौघं प्रत्येकी ८० युनिटं वापरतात असं धरू. एकूण ३२०. प्रत्येकाचं वेगळं कनेक्शन असतं तर चौघंही पहिल्याच टप्प्यात राहिले असते. एका कनेक्शनवर आल्यामुळे बिलाचा मोठा भाग वरच्या दराने लागतो आणि शेवटची २० युनिटं तर तिसऱ्या टप्प्यात जातात. ती वीस कोणाची? सबमीटर प्रत्येकाचे ८० दाखवेल, पण महाग युनिटं कोणाच्या नावावर टाकायची हे सांगू शकणार नाही, कारण ती कोणा एकाची नाहीतच. ती एकत्र राहण्याची किंमत आहे. ती समान वाटावी की वापराच्या प्रमाणात, हे शेवटी माणसांनी बसूनच ठरवावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. समान वाटणीत उधळ्याचं फावतं आणि काटकसर करणारा भुर्दंड भरतो. हे खरं आहे, आणि त्यावर उपाय खाणावळीच्या खाड्यातच आहे. जो फरक मोठा आहे आणि सगळ्यांना दिसतो, तो वेगळा काढावा. एका खोलीत एसी आहे आणि बाकीच्यांत पंखे, हा फरक कोणालाही दिसतो. त्या एसीला सबमीटर लावून त्याचे पैसे वेगळे घ्यावेत. कोणी दिवा बंद करायला विसरलं आणि कोणाचा चार्जर रात्रभर लागून राहिला, हा भाकरीचा हिशेब झाला. तो सोडून द्यावा. गरीब वस्त्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत दिव्याचा एक पॉइंट, पंख्याचा एक पॉइंट अशी आकारणी चालत आली तिच्यातही हेच तत्त्व आहे, फक्त तिथे दर सांगणारा एकटा आणि ऐकणारे मुके, म्हणून ती लुबाडणूक होते.

तिसरा आक्षेप इतिहासाचाच आहे. गावाच्या खोलीतला आणि कुडातला सलोखा बाहेरच्यांना दार बंद करून मिळवलेला होता. प्रवेश गावच्या माणसाला, बहुतेक वेळा जातीच्याच माणसाला. वर्गणी बुडवली तर बातमी गावात पोचायची, म्हणून कोणी बुडवत नसे. मग अशा व्यवस्थेकडून आजच्या शहराने काय शिकावं? आक्षेप मान्य करूनच उत्तर द्यावं लागतं. नांदेडचा, बेळगावचा, इंदूरचा आणि पाटण्याचा अशी चार मुलं हिंजवडीत एकत्र राहतात तेव्हा त्यांच्यामागे गाव नसतं आणि नसावंच. पण गाव जे काम करत होतं ते उरतंच: काय ठरलं होतं याची साक्ष, आणि मोडलं तर विचारणारं कोणी. ते काम आता लिहून ठेवलेल्या हिशेबाने करायला हवं. भाडेकरार ज्याच्या नावावर आहे त्याने मूळ भाडं, अनामत आणि दरमहाचं बिल बाकीच्यांना दाखवायलाच हवं. नाहीतर चाळीतल्या पोटभाडेकरूची गोष्ट नव्या इमारतीत तशीच पुढे चालू राहते. स्थिर भाग चौघांत सारखा, मोठा आणि दिसणारा वापर वेगळा, आधी कळवलेल्या लांब गैरहजेरीला फक्त वापराच्या भागात सूट, आणि बिल भरण्याची पाळी आलटून पालटून, एवढं पहिलं बिल यायच्या आधी ठरलं तर बहुतेक भांडणं उगवत नाहीत. उरतील ती मापातल्या चुकांची. माणशी, चुलीमागे, खोलीमागे, नळामागे, चौरस फुटामागे, कोणतंही माप घेतलं तरी कोणावर तरी थोडा जास्त भार पडतोच. ज्याच्यावर तो पडतो त्याला बिल पाहता येतं का, बोलता येतं का आणि पुढच्या वर्षी माप बदलून मागता येतं का, या तीन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ असतील तर ढोबळ वाटणीही रास्त ठरते. नसतील तर दशांशापर्यंत काटेकोर वाटणीही लुबाडणूकच.